निरोगी माणसाची केस

आमची ठमी डॉक्टर झाली तेव्हा घरात सगळ्यांनी आनंद केला. पण ती एक्स-रे वाचणारी डॉक्टर होणार, आणि शेवटचं वर्ष आमच्याच इस्पितळात काढणार, हे कळल्यावर मी कपाळावर हात मारला. मी त्याच खात्यातली. गेली एकोणतीस वर्षं मी एक्स-रे काढते. "हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा, सोडा," हे दिवसातून ऐंशी वेळा म्हणते. काढायचं काम माझं, वाचायचं काम डॉक्टरांचं. मधे एक काच आहे. त्या काचेपलीकडे आपली भाची येऊन बसणार, घरी तिला 'ठमे' म्हणायचं आणि इथे 'डॉक्टर', हे मला कसं जमणार होतं देव जाणे.

ठमी ही माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, एकुलती एक मुलगी. लहानपणी गोल गरगरीत होती म्हणून मीच तिला ठमी म्हणायला लागले. आता ती काडी झाली आहे, पण नाव काही सुटलं नाही. भावोजींचं खाली कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या बनवायचं दुकान, वर त्यांच्या दोन खोल्या, आणि त्याच जिन्यावर समोर माझी खोली. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. त्यामुळे ठमीला दोन आया मिळाल्या, एक समजूत घालणारी आणि एक ओरडणारी. ओरडणारी मी, हे सांगायला नकोच.

तिचं हे शिक्षण नव्या पद्धतीचं. तीन वर्षांपैकी पहिली दोन घरी बसून स्क्रीनवर आणि शेवटचं एक इस्पितळात. घरी आतल्या खोलीत टेबल, त्यावर दोन स्क्रीन, पडदे बंद, आणि त्या अंधारात ठमी. शिकवणारे सर दिसायचे ते कोपऱ्यातल्या एवढ्याशा चौकोनात, तेही हनुवटी आणि शर्टाची वरची दोन बटणं. मी एकदा विचारलं, "हे सर रस्त्यात समोर आले तर ओळखशील का?"

"आवाजावरून ओळखेन. पण दीडपट वेगात बोलले तरच."

कारण सगळी व्याख्यानं ती दीडपट वेगाने ऐकायची. ताई जेवायला हाक मारायची तीसुद्धा तिला रेंगाळत मारल्यासारखी वाटायची.

आणि केसेस! त्या शिक्षणात चार हजार केसेसचा साठा होता. एक एक्स-रे समोर यायचा, रोग कुठे आहे तिथे बाण टेकवायचा, नाव निवडायचं. बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. ठमीला शंभरात शहाण्णव हिरव्या मिळायच्या. देशभरातल्या मुलांत तिचा तिसरा नंबर होता. ताई ते प्रमाणपत्र पाहुण्यांना दाखवायची, आणि पाहुणे मान डोलवायचे. खरं सांगायचं तर मलाही मनातून अभिमान वाटायचा. मी आयुष्यभरात जे आजार दोनदा पाहिले ते या पोरीने घरबसल्या वीस वेळा पाहिले होते.

मग ती आमच्याकडे आली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांची झोप उडवली.

आमचे मोठे सर खात्याचे प्रमुख. बोलतात कमी, चष्मा पुसतात जास्त. त्यांनी तिला सकाळचे चाळीस छातीचे एक्स-रे वाचायला दिले. चाळीसपैकी एकतीसांवर ठमीने लिहिलं, अमुक ठिकाणी शंका, सीटी स्कॅन करून घ्यावा. उरलेल्या नवांवर लिहिलं, महिन्याने परत एक्स-रे काढावा. नॉर्मल एकही नाही. दुपारपर्यंत सीटीच्या खोलीसमोर रांग लागली. नोकरीच्या तपासणीसाठी आलेला एक धडधाकट सुतार माझ्यासमोर येऊन विचारायला लागला, "बाई, मला किती दिवस आहेत?" त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

मोठ्या सरांनी तिला बोलावलं. मी मुद्दाम एक्स-रेच्या कॅसेटी पुसायच्या निमित्ताने तिथेच घुटमळले.

"डॉक्टर, दोन वर्षांत नॉर्मल छात्या किती पाहिल्यात?"

 ठमी बोटांवर मोजायला लागली. "सर, नॉर्मल... त्यात नव्हत्या."

"एकही नाही?"

"प्रत्येक केसमध्ये काहीतरी असायचंच, सर. म्हणून तर ती केस."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला हसावं की रडावं कळेना. मी रोज ऐंशी एक्स-रे काढते, त्यातले सत्तर निरोगी असतात. त्या सत्तर जणांना त्या चार हजारांत जागाच नव्हती. निरोगी माणसाची केस कोण कशाला बनवेल? पोरीला जगातले सगळे आजार ओळखीचे झाले होते, आणि ज्याला काही झालेलं नाही असा माणूस तिने आजवर पाहिलाच नव्हता.

सरांनी तिला महिन्याची मुदत दिली. महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर, त्यांना न विचारता, नॉर्मलला नॉर्मल म्हणून सही करता आली पाहिजे. नाहीतर ते तिच्या कामाच्या वहीवर सही करणार नाहीत, आणि ती सही नसेल तर परीक्षा सहा महिने पुढे. दोन वर्षं अंधारात बसलेल्या मुलीला आणखी सहा महिने म्हणजे काय, ते मला घरी दिसत होतं. ती जेवताना भावोजींच्या बोटांची टोकं निरखायची, नखं फुगीर आहेत का म्हणून. मी जिना चढून धापा टाकत आले की गळ्याच्या शिरा फुगल्यात का म्हणून माझ्याकडे बघत बसायची. एकदा मी भडकलेच. "ठमे, जेव. आम्ही माणसं आहोत, प्रश्नपत्रिका नाही."

"मला माहितीये गं, मावशी. पण दिसतं त्याला मी काय करू?"

आणि दिसायचं तिला, हाही एक घोळच होता. दुसऱ्या आठवड्यात सरांनी स्वतः नॉर्मल म्हणून बाजूला ठेवलेला एक्स-रे हिने परत उघडला. एक उंच, सडपातळ पोस्टमन, थोडंसं छातीत दुखतं म्हणून आलेला. फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी केसाएवढी बारीक रेघ होती आणि रेघेबाहेर हवा. म्हणजे फुप्फुस आकसायला लागलेलं. सरांना दिसलं नव्हतं, मला तर नाहीच नाही. पोस्टमन बसस्टॉपवर पोचला होता, तिथून त्याला परत आणला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉक्टरांचं बरोबर आहे, चूक माझी." झालं! आता ठमीने पुढच्या माणसाला नॉर्मल म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? सरांच्या नजरेतून सुटतं, तर आपल्या का सुटणार नाही? त्या दिवसानंतर तिचा गोंधळ दुप्पट झाला, आणि माझाही. आधी मला वाटायचं पोरगी चुकतेय. आता काय वाटून घ्यावं तेच कळेना.

महिना संपायला सहा दिवस उरले असताना ताई एक्स-रेला आली. तिला डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं, आणि त्याआधीच्या तपासण्यांत छातीचा एक्स-रे असतो. बाकी काही तक्रार नव्हती. मीच तिला गाऊन दिला, गळ्यातली साखळी काढून घेतली, पाटीला छाती टेकवून उभी केली.

"श्वास घे. रोख."

"रोखलाय की," ताई म्हणाली.

"बोललीस म्हणजे सोडलास! परत घे."

चित्र पडद्यावर आलं आणि मी पुढे वाकून बघितलं. डाव्या बाजूला, खालच्या भागात, एक फिकट गोल ठिपका. वाटाण्याएवढा. उजवीकडे काही नाही. असले ठिपके मी हजारदा पाहिले असतील, आणि दर वेळी मनात म्हटलं असेल, असेल काहीतरी किरकोळ. पण ते लोक माझी बहीण नव्हते. मी ताईला म्हटलं, "झालं, जा कपडे बदल," आणि चित्र पाठवून दिलं. त्या दुपारी वाचायच्या टेबलावर ठमी होती.

ती चाळीस मिनिटं त्या एका चित्रासमोर बसली. मागे तीस एक्स-रे तुंबले. मी काचेतून बघत होते. तिने ते मोठं केलं, लहान केलं, काळं-पांढरं उलट करून पाहिलं. मग फोन काढून आपला जुना साठा उघडला आणि तसे ठिपके शोधायला लागली. मला राहवलं नाही, मी आत गेले.

"तीन सापडल्या," ती म्हणाली. आवाज कोरडा ठणठणीत. "अगदी असाच ठिपका, असाच आकार, हीच जागा. एक कॅन्सर, एक जुन्या क्षयाचा डाग, आणि एकात काहीच नाही, नुसती स्तनाग्राची सावली. तीन केसेस, तीन उत्तरं."

"मग?"

"मग ग्रुपवर टाकलं. नाव, वय काढून. आमच्या बॅचचे सगळे आहेत तिथे." तिने फोन माझ्यापुढे धरला. एकोणीस जणांनी उत्तरं दिली होती. अकरा जण म्हणत होते ताबडतोब सीटी, चार जण म्हणत होते स्तनाग्र, तिघांनी तीन वेगळीच नावं घेतली होती जी मला वाचतासुद्धा येईनात, आणि एकाने अंगठा दाखवला होता. कशाला दाखवला होता, तोच जाणे.

"ठमे, सावलीच असेल ती. टिकल्या लावून परत काढू. पाच मिनिटांचं काम."

टिकल्या म्हणजे धातूचे बारीक मणी. ते चिकटपट्टीने स्तनाग्रांवर लावायचे आणि परत एक्स-रे काढायचा. ठिपका मण्याच्या जागेवरच आला तर ती सावली. वेगळा राहिला तर खरं काहीतरी. पूर्वी मणी नसायचे तेव्हा आम्ही तारेचा तुकडा वळून लावायचो.

"माहितीये गं मला. केस अकराशे सतरा. पण त्यात सावली दोन्हीकडे होती. आईला एकीकडेच आहे." मग तिने पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "आणि वेगळा राहिला तर, मावशी?"

 मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि आठवलं, इथे ती डॉक्टर आहे, काचेतून सगळे बघतायत. हात तसाच खिशात घातला. आयुष्यात एवढं अवघडल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला परत बोलावलं. ती आली तीच कुरकुरत. "परत कशाला? काल काढला ना?"

"तू हललीस."

"मी अजिबात हलले नाही. मी बोलले. हलले नाही."

"बोललीस म्हणजे हललीसच. घाल गाऊन."

मणी लावताना ती लाजून लाल झाली. "अगं, हे काय भलतंच? या वयात शोभतं का?" म्हणाली. मग एकदम माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली. आम्ही बहिणी एका अंथरुणात वाढलो. माझा चेहरा तिला वाचता येतो, त्याला कोर्स लागत नाही. मी मान फिरवली आणि माझं ऐंशी वेळांचं पाठांतर म्हणायला लागले. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. पाठांतर पाठांतरच, ते पुढे जातं.

चित्र आलं. ठमी माझ्यामागे उभी होती, तिचा श्वास मला मानेवर लागत होता. तिला कुणी 'सोडा' म्हटलंच नव्हतं बहुतेक. डावीकडे मणी पांढराशुभ्र, आणि त्याच्या भोवती, बरोब्बर त्याच जागी, कालचा फिकट ठिपका. उजवीकडे नुसता मणी. वेगळं काही नाही.

मी चक्क खाली बसले, तिथल्याच स्टुलावर. "झालं! सावली!"

ठमी पडद्यापाशी वाकली. मग हळूच म्हणाली, "पण मण्यामागे दुसरं काही लपलं असेल तर?"

मला तिला थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि मिठीत घ्यावीशीही. दोन्ही एकदम. एवढ्यात मोठे सर आत आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. त्यांनी कालचं आणि आजचं अशी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून पाहिली. ठमीने आशेने विचारलं, "सर, नॉर्मल ना?"

"एक्स-रे तुमच्या टेबलावर आला होता. तुम्ही सांगा."

"सर, ती माझी आई आहे."

सर थबकले. त्यांना माहीत नव्हतं. चष्म्याकडे हात गेला, पण काढला नाही. "मग मी करू का सही?" त्यांनी विचारलं. एकदम घरच्यासारखं विचारलं. "मी करतो. वहीचं नंतर बघू."

ठमी सरांकडे वळली. मला वाटलं आता हो म्हणेल, मीही मनात म्हणत होते, हो म्हण बाई आणि सूट एकदाची.

"सर, तुम्हाला कसं कळतं?" तिने विचारलं. "नॉर्मल आहे म्हणून?"

"माझी पस्तीस वर्षं झाली. लाखभर तरी लिहिले असतील," सर म्हणाले. "ज्यांच्या बाबतीत मी चुकलो ते परत आले. बाकीचे आलेच नाहीत. ते बरे होते म्हणून आले नाहीत की दुसरीकडे गेले म्हणून, मला काय माहीत? आजार असला तर पुढे कधीतरी उत्तर मिळतं, डॉक्टर. काही नसलं तर उत्तर कुणी आणून देत नाही."

मला वाटलं होतं सर धीर देतील. हा कसला धीर! ठमीचा चेहरा आणखीनच पडला. पण ती काचेपलीकडे जाऊन आपल्या खुर्चीवर बसली, कीबोर्ड ओढला. एक ओळ लिहिली, खोडली. परत लिहिली. 'सीटी' ही दोन अक्षरं मला काचेतूनसुद्धा दिसली, आणि मग ती गेलेलीही दिसली. शेवटी तिने लिहिलं, डावीकडील ठिपका स्तनाग्राची सावली, छाती नॉर्मल. पुढच्या तपासणीचा सल्ला नाही. आणि सही केली. सर मागे उभे होते. वहीवर सही मात्र त्याच दिवशी करून टाकली, एक छातीचा एक्स-रे, नॉर्मल, स्वतंत्र, असं लिहून.

संध्याकाळी मी ताईकडे गेले तेव्हा ताई पलंगावर ताठ बसली होती आणि भावोजी दुकान लवकर बंद करून वर आले होते. समोर ठमी, अजून इस्पितळातलेच कपडे.

"दोनदा फोटो काढलात," ताई म्हणाली. "ही काल जेवली नाही. आणि तू," हे मला, "तू काल जिन्यात मला बघून परत खोलीत गेलीस. मी काय लहान आहे? जे असेल ते सांगा. मी घाबरणार नाही."

"काही नाहीये, आई. नॉर्मल आहे."

"खरं सांग."

"खरंच नॉर्मल आहे."

"मग डोळ्यात पाणी का?"

ठमीने डोळे पुसले, ते परत भरले. भावोजी माझ्याकडे बघायला लागले, मी भिंतीकडे. जिने महिनाभर निरोग्यांना आजारी ठरवलं, तिला आता आपल्या निरोगी आईची खात्री पटवता येईना. तिच्या तोंडी 'नॉर्मल' हा शब्दच कुणाला ओळखीचा नव्हता.

ताईने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "ठमे, तुला नक्की माहितीये ना?"

मला वाटलं ही आता हो म्हणणार. सगळे म्हणतात. मी स्वतः पेशंटना एकोणतीस वर्षं म्हणत आलेय, काही काळजी करू नका म्हणून.

"नाही," ठमी म्हणाली. "नक्की नाही माहिती. पण सही मी केलीय."

 ताईला हे कितपत समजलं मला सांगता येणार नाही, मलाच अजून पुरतं समजलेलं नाही. मग तिने हनुवटी सोडली, उठली आणि आत जाऊन डोळ्याच्या डॉक्टरांचा नंबर शोधायला लागली.